युफेन वाचते आहे

समुद्रावरून आलेलं धुकं अजून पाण्याच्या टाक्यांना बिलगून असे, कारखान्याच्या उंच नळकांड्यावरची ज्योत त्या धुक्यात केशरी डागासारखी विरघळत असे, आणि आमच्या डोक्यावरच्या गच्चीत एक कोवळा, किंचित नाकातला स्वर येरझाऱ्या घालू लागे. स्वर कधी येरझाऱ्या घालतो का, असं माझी लेक हे वाचून विचारील. तिच्या भाषेत, ‘ममा, धिस इज टू मच.’ पण माझा नाइलाज आहे. तो स्वर खरोखरच चालत असे. पूर्वेच्या कठड्याशी तो स्वच्छ, धारदार ऐकू येई; टाक्यांमागे गेला की ओलसर होई, घुमे, जवळजवळ बुडून जाई; आणि बुडाला असं वाटेतो पुन्हा वळून कठड्याशी येई. आखातातल्या जुबैलच्या त्या वसाहतीत आमची पहाट अजानेनं उजाडे, आणि अजान शांत झाली की तिच्यामागून, भूपाळीच्या जागी, इंग्रजी क्रियापदांची रूपं येत. राइज, रोज, रिझन. सूर्यही बहुधा तिच्या पाठांतराला बिचकूनच वर येत असावा.

ती युफेन. सतरा वर्षांची, तैवानहून आलेली. तिचे वडील चेनसाहेब आमच्याच इमारतीत राहत, आणि आमच्या ह्यांच्याच कारखान्यात, रात्रपाळीला, नियंत्रणकक्षात असत. आई ती लहान असतानाच गेली होती. जुलैमध्ये तिला मायदेशी जाऊन महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. गणितात ती वाघीण होती, इंग्रजीत मात्र शेळी. आणि ह्या एका विषयानं दगा दिला तर सगळं संपून, ह्या वाळूत बापाचा भात शिजवत बसणं तिच्या वाट्याला येईल, ही चेनसाहेबांची एकमेव धास्ती होती. मी नाशकातल्या शाळेत इंग्रजी शिकवून आलेली. इथल्या भारतीय शाळेतही तेच करत होते. माझं इंग्रजी व्याकरणात सोवळं आणि उच्चारात थेट गोदाकाठचं. तरीही चेनसाहेब एके दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, कमरेत वाकले, आणि मी ‘अहो, हे काय’ म्हणेपर्यंत गुरुपदी माझी नेमणूक होऊन गेली होती. वसाहतीतली यच्चयावत मुलं मला आँटी म्हणत. युफेन म्हणे, ‘लाओशी.’ म्हणजे गुरुजी. त्या एका शब्दानं मी पाठ ताठ करून बसायला शिकले. कंबर अजून दुखते ती तेव्हापासूनच, असं ह्यांचं मत.

कानांच्या पाळीशी सरळ कापलेले केस, ओठांवर कायम एखादा अर्धवट शब्द. नवीन शब्द भेटला की ती डोळे मिटून घेई, कडू औषध गिळावं तशी मान किंचित मागे नेई, आणि मग डोळे उघडून माझ्याकडे अशी पाही की जणू तो आता पोटात गेला, त्याचं काय करायचं ते शरीर बघून घेईल. साधं गरम पाणी पीत बसणं ही तिची चैन. उतारा वाचताना तिचं बोट ओळीखालून असं सरके, जसं भिंतीवरून मुंगी. कुठे अडली की बोट थबके, मागे येई, पुन्हा निघे. पण गच्चीवर मात्र पुस्तक पाठीमागे हातांत धरलेलं, मान वर, आणि पावलांच्या तालावर खणखणीत पाठ. त्यांच्याकडे सकाळी उठून असंच वाचायचं असतं म्हणे. शाळेच्या आवारात शेकडो मुलं एकदम, प्रत्येकाचा धडा वेगळा.

“अगं, उतारा मनात वाचायचा असतो, अर्थ कळतो तसा,” मी आपलं शास्त्र सांगितलं.

“मनात वाचलेला शब्द माझा होत नाही, लाओशी. तो पुस्तकाचाच राहतो,” ती नम्रपणे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं वाचू लागली.

मी हसले खरी. पण पावकी-निमकीचे पाढे शेणानं सारवलेल्या ओट्यावर फेऱ्या मारत म्हणणारी एक परकरी मुलगी त्या हसण्याच्या आत कुठेतरी उभी होती, आणि ती माझ्याकडे रोखून पाहत होती.

मग युद्ध आलं. ते बातम्यांतून रांगत येत होतं तोवर आम्ही त्याच्यावर चहा पीत चर्चा केली. ते उभं राहून चालू लागलं तेव्हा शाळा बंद झाली, अनेक घरांना कुलपं लागली, बायकामुलं मायदेशी गेली. मी गेले नाही. ह्यांना एकटं सोडायला मन होईना, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर विमानाची मला स्फोटकांइतकीच भीती वाटते. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या, आतल्या एका खोलीच्या फटींना प्लॅस्टिक लागलं, आणि प्रत्येकाच्या खांद्याला गॅसमास्कचा खोका लटकू लागला. मास्क घातल्यावर आमचे हे हुबेहूब गणेशोत्सवातल्या फसलेल्या मूर्तीसारखे दिसत. भोंगा वाजे, आम्ही त्या खोलीत शिरून एकमेकांच्या काचेरी डोळ्यांकडे पाहत बसू, पुन्हा भोंगा वाजे आणि आम्ही बाहेर येऊ. किनाऱ्यावर तेल आलं. काळ्याशार, चिकट पंखांचे पाणकावळे वाळूवर उभे असत, उडण्याचं विसरलेले. उत्तरेला विहिरी पेटल्या, आणि वारा फिरला की दोरीवरच्या धुतलेल्या चादरीवर बारीक काजळी उतरे, कुणीतरी फार दुरून दुखवटा पाठवावा तशी.

ह्या सगळ्यात एकच गोष्ट थांबली नाही. अजान सरली की गच्चीवर पावलं वाजत. मास्कच्या खोक्यावर पुस्तक ठेवून आमचा दुपारचा तास चाले, आणि तिथे पक्का केलेला उतारा दुसऱ्या सकाळी टाक्यांमागून फिरून येई. “बातम्या देतात तशी वाच,” मी सांगत असे, “वाक्य संपलं की थांब. घाई नको. ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे.” माझ्या अध्यापनाला आयुष्यात इतकं यश कधीच आलं नव्हतं, हे पुढे कळलं.

त्या दिवशी सकाळ उजाडलीच नाही. उत्तरेचा धूर रात्रीतून येऊन छपरांवर बसला होता. सूर्याच्या जागी तांब्याची झिजलेली दिडकी. वसाहत तशी जागीच होती, कान टवकारून, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. आणि वरून आवाज आला. संथ, स्पष्ट, इंग्रजी, बाईचा. दारंखिडक्या बंद करा. ओल्या कापडानं नाकतोंड झाका. धावू नका. पुढची सूचना मिळेपर्यंत घरातच थांबा.

वसाहत अर्थातच धावली. ‘धावू नका’ हे ऐकून माणूस जितका धावतो तितका तो एरवी कधीच धावत नाही. समोरच्या फिलिपिनो परिचारिकांनी बादल्यांत चादरी बुडवल्या. फाटकाशेजारचा हनीफचाचांचा बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान. त्याचं शटर धाडकन पडलं, आणि श्रीवर्धनचे चाचा आत अन् त्यांची चप्पल बाहेर राहिली. आमचे हे टॉवेल आणि मास्क ह्या दोनच वस्त्रांनिशी स्नानगृहातून प्रकटले. मी लेकीला कवटाळून, ओला पदर तोंडाला लावून, प्लॅस्टिकच्या खोलीत देवाचा धावा करत बसले. मग वरचा आवाज तितक्याच गंभीरपणे म्हणाला की ज्वालामुखीची राख आता गावावर पडू लागली आहे, आणि शाळामास्तरांची गाय अजून कुरणात आहे.

“ममा,” माझी लेक मास्कमधून म्हणाली, “हा तर तुमचाच उतारा आहे!”

होय. आकलनासाठी उतारा, खाली पाच प्रश्न. कालच दुपारी मी तो नेमून दिला होता, आणि आज त्यावरच जीव मुठीत धरून बसले होते.

हसायला आम्हाला पुढे पुष्कळ वर्षं मिळाली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. भ्यालेली माणसं फसवली गेली की भीतीचा राग होतो. बाहेर येऊन लोक ओरडले. वसाहतीचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, स्वतः जिना चढून आला. “खलास!” तो म्हणाला. “गच्ची बंद.” युफेन कमरेत वाकली, एकदा त्याच्यासमोर, एकदा आम्हा सर्वांसमोर, आणि मान वर न करता खाली गेली. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

त्यानंतरच्या सकाळी कशा होत्या, हे सांगायला माझ्यापाशी शब्द कमी पडतात, आणि माझे शब्द कधी कमी पडले तर ह्यांना ते आवडेलच. अजान संपे आणि पुढे काहीच सुरू होत नसे. पाणी टाकीत पडल्याचा आवाज. एसीच्या नळीतून थेंब. भोंग्यानंतरच्या शांततेला निदान एक शेवट असतो, हिला नव्हता. दुपारच्या तासाला युफेन येई, बोट ओळीखाली सरके, पण ओठ मिटलेले. विचारलं की पुटपुटे. शब्द पुन्हा पुस्तकाचे होऊ लागले होते, आणि जुलै तर तिथेच होता, आपल्या जागी, एक पाऊलही मागे न सरता.

अशाच एका सकाळी काचेवरच्या फुलीच्या फटीतून मला फाटक दिसलं. रात्रपाळीची बस थांबली. चेनसाहेब उतरले, हातात शिरस्त्राण, दुसऱ्या हातात डबा. ते फाटकातच उभे राहिले आणि त्यांनी गच्चीकडे पाहिलं. मग ते धावत सुटले. ज्या माणसाला मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, जो दारात बूट काढतानासुद्धा बुटांची क्षमा मागितल्यासारखा वाके, तो माणूस डबा खडखडत, धापा टाकत, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गिळत वर गेला. त्यांच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला.

दुपारी मी पुस्तक मिटून तिला विचारलं, बाबा असे धावत का आले. ती गरम पाण्याच्या पेल्यावर हात शेकत राहिली.

“मी वाचते परीक्षेसाठी, लाओशी,” ती म्हणाली. “पण थोडं बाबांसाठीही. फाटकापासून ऐकू जातं. रात्रभर ते तिकडे, मी इकडे, मध्ये भोंगे. आवाज आला की त्यांना कळतं, मी आहे. मग ते सावकाश येतात.”

संध्याकाळी मी बकाल्यात गेले तर हनीफचाचा आपण होऊनच म्हणाले, “वयनी, त्या पोरीला वाचायला सांगा ना. हल्ली सकाळ झालेली कळतच नाय.”

“चाचा, तुमचीच चप्पल सर्वांत पुढे पळाली होती.”

“चप्पल नाय पळाली. चप्पल राहिली, मी पळालो.” ते हसले, मग गंभीर झाले. “चला, मुदीराकडे जाऊ. अरबी मी बोलतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मास्तरीणबाईवाणी.”

मी उभी राहिले. चाचा बोलले, हातवारे मला कळले, फाटक, बस, धावणारा बाप. मुदीर बराच वेळ आपल्या जपमाळेचे मणी सरकवत राहिला. त्यालाही मुली असाव्यात. शेवटी त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि एक अट घातली: आधी सांगायचं की हा धडा आहे, मग वाचायचं. “यल्ला,” म्हणजे चला आता, असं तो म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या पहाटे अजान शांत झाली, गच्चीवर पावलं वाजली, आणि ते वाक्य आलं. “धिस इज ओन्ली अ लेसन.” क्षणभर विराम, मी शिकवला होता तसा. मग उतारा. वसाहतीतल्या किती खिडक्यांमागे किती माणसांनी तेव्हा श्वास सोडला, कुणास ठाऊक. मी मात्र फटीतून फाटकाकडे पाहत होते. बस थांबली, चेनसाहेब उतरले, थबकले. त्यांचे खांदे हळूच एक बोटभर खाली आले, आणि ते सावकाश, फार सावकाश, एखादं भरलेलं भांडं नेत असल्यासारखे, घराकडे चालू लागले.

त्यानंतर रोज आमचा दिवस त्या वाक्यानं सुरू झाला. युद्ध संपल्याची बातमी आली त्या सकाळीसुद्धा ती आधी तेच म्हणाली, आणि मला वाटलं, ह्याहून खरी घोषणा कुणी केली नसेल. विमानं पुन्हा सुरू झाल्यावर ती गेली. बापाला सोडून जायला ती तयार नव्हती. चेनसाहेबांनी तिची पेटी स्वतः भरली आणि स्वतःच गाडीत ठेवली. निरोपाला ती माझ्यासमोर वाकली. मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले, आमची डोकी एकमेकींवर आपटली, आणि अशा रीतीनं गुरुशिष्येचा तो गंभीर प्रसंग पार पडला.

दुसऱ्या दिवशी अजान संपली आणि मी जागीच होते. धूर अजून अधूनमधून येत होता. रात्रपाळीची बस यायची वेळ झाली होती. “कुठे निघालीस गं?” ह्यांनी पांघरुणातून विचारलं. “गच्चीत. वाळवण बघायला,” मी म्हणाले. वाळवण नव्हतंच. शाल घेतली, पुस्तक घेतलं, कठड्याशी गेले, आणि माझ्या गोदाकाठच्या इंग्रजीत, घसा खाकरून, म्हणाले की हा फक्त धडा आहे. मग ज्वालामुखी, राख, मास्तरांची गाय. खाली फाटकात शिरस्त्राण हातात धरून एक माणूस उभा होता. त्यानं वर पाहिलं. तो हसला की नाही ते धुक्यात दिसलं नाही, पण तो धावला नाही.

उन्हाळा सरता सरता चेनसाहेब अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन दारात आले. “कॉलेज,” एवढंच म्हणाले, आणि इतके खाली वाकले की मला त्यांच्या टाळूवरचे पांढरे केस दिसले.

आता नाशकात आमच्या इमारतीच्या गच्चीवरही टाक्या आहेत. पहाटे कधी जाग येते, गुडघे कुरकुरतात, हे घोरत असतात, आणि मी उगीचच कान देऊन पडून राहते. काळ माणसं नेतो, वसाहती नेतो, युद्धं तर केव्हाच विसरून जातो. आवाज मात्र तो नेत नाही, नुसता टाक्यांमागे वळवतो, आणि आपण कठड्याशी उभं राहून तो पुन्हा अलीकडे येण्याची वाट पाहत राहतो.