मागच्या दाराची फाईल

मधली सुट्टी संपत आली होती. संगणकाच्या बाई शेवटच्या रांगेतलं मशीन तपासत होत्या, कारण मुलांची तक्रार होती की ते फार रखडतं. समुपदेशक बाईंचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेल्यापासून त्या याच मशीनवर काम करत. मशीनवर दोन प्रणाली होत्या. समुपदेशक बाईंचं काम विंडोजमध्ये, पासवर्डच्या आड. मुलं शिकायची लिनक्सवर, सगळ्यांचं मिळून एकच खातं.

त्या खात्यातून संगणकाच्या बाईंनी सहज विंडोजच्या डिस्कवर क्लिक केलं आणि ती उघडली. पासवर्ड नाही, काही नाही. समोर समुपदेशनाचं फोल्डर, आत मुलांच्या नावाच्या फायली. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. तिसरं नाव त्यांच्या सख्ख्या भाचीचं होतं.

 तिची आई, म्हणजे बाईंची ताई, नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून पोरगी गप्प गप्प असायची. एक क्लिक केलं की सगळं कळलं असतं. त्यांनी हात मागे घेतला आणि फोल्डर बंद केलं.

आता हे दार लावायचं होतं. लिनक्स सुरू होताना ती डिस्क सगळ्यांसाठी खुली होत होती. बाईंनी ती फक्त मुख्य खात्यापुरती ठेवली, मशीन पुन्हा चालू केलं. डिस्क उघडलीच. घंटा झाली. दारापाशी मुलांचा गलका सुरू झाला.

"थांबा रे जरा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

घाईत त्यांनी भलत्याच डिस्कला कुलूप घातलं होतं. ते निस्तरलं, पुन्हा चालू केलं, मुलांच्या खात्यातून क्लिक केलं. 'परवानगी नाही'. तरी जीव थाऱ्यावर येईना. आजवर कुणी कुणी पाहिलं असेल?

तास संपल्यावर त्यांनी समुपदेशक बाईंना गाठलं. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी पासवर्ड लावला होता." त्यांनी लगेच सगळ्या फायली तिथून हलवल्या.

शाळा सुटल्यावर भाची फाटकापाशी उभी होती. शाळेत ती कटाक्षाने 'बाई' म्हणायची.

"मावशी, ती डिस्क तू बंद केलीस?"

"हो. तुला कसं कळलं?"

"काल उघडत होती, आज तासाला उघडेना. मी माझीच फाईल पाहिली, दुसऱ्या कुणाची नाही." ती बॅगेचा पट्टा पिळत राहिली. "तू वाचलीस?"

"नाही."

"शपथ?"

"नाव दिसलं, फोल्डर बंद केलं. वाटलं होतं उघडावी, खोटं कशाला सांगू."

पोरीने पट्टा सोडला. मग म्हणाली, "मला बाबांकडे राहायला जायचंय. आईला कसं सांगू? ती कोलमडेल."

 ताईचा चेहरा मावशीच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"मी नाही सांगायची तिला," ती म्हणाली. "तूच सांग. मी शेजारी बसते."

"आज?"

"तुला जमेल तेव्हा."

भाचीने मान हलवली, आणि दोघी ताईच्या घराच्या दिशेने चालू लागल्या.