मांजराला तुम्ही म्हणणारा माणूस

"मांजराला कसलं तुम्ही-आम्ही?" आईने उलथनं टेबलावर आपटलं. "पुन्हा म्हण."

माझा नवरा डेलमार स्पॅनिशमध्ये पुन्हा म्हणाला. मांजर तुम्हीच राहिलं. वीस वर्षं फौजेत ट्रक दुरुस्त केलेला माणूस, समोर कुणीही आलं की तोंडातून आदरच बाहेर पडतो. त्यात इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तो तरी बिचारा काय करणार!

फौज सोडल्यावर त्याला इथेच, आमच्या किलीन गावातल्या शाळेत, पोरांना गाड्यांची दुरुस्ती शिकवायची नोकरी मिळत होती. अट एकच, ऑगस्टच्या आत पदवी. नाहीतर चला अलाबामाला, त्याच्या भावाच्या गॅरेजात. आई इथून हलणार नव्हती. बाबांना इथेच पुरलंय. तिला एकटीला मागे ठेवून जाणं मला जमणार नव्हतं.

कॉलेजने त्याच्या फौजी प्रशिक्षणाचे गुण पदवीसाठी धरले. ट्रकचे धरले ते ठीक, पण कवायतीचेसुद्धा! मी म्हटलं, चालल्याबद्दल पदवी मिळतेय, तर घोरल्याबद्दलही मागून बघ. उरली फक्त परकी भाषा. वर्गात बसायचं तर दोन वर्षं, नाहीतर स्पॅनिशची एक परीक्षा द्यायची आणि मोकळं व्हायचं.

म्हणून आईची शिकवणी. आमची पोर्तो रिकोची स्पॅनिश बोली शब्दांची शेपटं गिळते. सरावाच्या रेकॉर्डिंगमधली बाई सगळं स्वच्छ बोलायची, की हा गोंधळलाच. आई म्हणायची, त्या बाईलाच येत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर गाडीत बसून होते. तो आला. मेला फौजी चेहरा, त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. बसला, पट्टा लावला.

"यादिरा, आपण कुठेही जात नाही."

मी त्याच्या दंडावर गुद्दे मारले आणि मग रडले.

घरी आई भात आणि घेवडा झाकून बसली होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं असावं, ती उठून झाकणं काढायला लागली. डेलमारने टोपी काढली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला त्याने मॅडमशिवाय कधी हाक मारली नव्हती. आता स्पॅनिशमध्ये, जपून, म्हणाला,

"आई, तू जेवलीस?"

मला वाटलं, ही आता चूक काढणार.

"तुझ्याआधी कशी जेवेन?" ती म्हणाली, आणि पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं.