उजव्या चाकामागचा नंबर

घोडं पेंड खात होतं ते नारळापाशी. पिकअप नीट बघायच्या आधीच नम्रताने गावच्या रवळनाथासमोर नारळ ठेवला. सत्यवान तिच्या शेजारी हात जोडून उभा राहिला आणि गावकाराने, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याने, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा रवळनाथा, ही तुझी लेकरां येवार करतत. दोघांचाय भला कर. कोणाच्या मनात खोट आसात तर ती तुझ्या पायार पडांदे!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" झालं! आमच्याकडे एकदा गाऱ्हाणं पडलं की व्यवहार पक्का. त्यानंतर गाडीखाली वाकून बघणं म्हणजे थेट देवावर संशय. या बाबतीत भलेभले बैलोबा होतात, नम्रता तर मुळातच भाविक.

धामापूरच्या अलीकडे तिचं घर. काजू, कोकम, आमसुलं गोळा करून वेंगुर्ल्याला पोचवायचा तिचा धंदा. नवरा परशुराम नोकरीला गोव्यात, घरात ती आणि कॉलेजात जाणारी मुलगी रिया. माल न्यायचा तो आंतोनचा टेम्पो, आणि तो टेम्पो आता इतका खिळखिळा झालेला की चढणीवर आंतोन त्याला शिव्या घालायचा तेव्हाच तो चढायचा. म्हणून ही जुनी पिकअप. विकणारा सत्यवान म्हणजे परशुरामाचा चुलतभाऊ, तिचा दीर. मालवण रस्त्याला त्याचं पत्र्याचं कुंपण होतं, आत जुन्या गाड्या. घरचाच माणूस, वर देवाची साक्ष. आणखी काय हवं?

आंतोनला मात्र हवं होतं. तो म्हणाला, "नारळ तुझो, बाये. संशय माझो. तुझो रवळनाथ माझ्यार कित्या रागावतलो? माका माझ्या वयल्या सायबाक उत्तर देवचा आसा." नम्रता हसली. मनातून तिला बरंच वाटलं. स्वतः विचारायची लाज, दुसऱ्याने विचारलं तर हवंच होतं तिला.

दुपारच्या उन्हात तिघे कुंपणात उभे राहिले. आंतोनने आधी मोबाईलवर पाटीचा नंबर टाकून बघितला. पांढरी पिकअप, मालकाचं नाव, सगळं जुळलं. आरसी बुकही जुळलं.

"झाला समाधान?" सत्यवान म्हणाला.

"कागदाचा झाला. आता चेसिसवरचो नंबर बघतंय. पाटी काय, खंयचीय खंय लागता."

तो नंबर असतो पुढच्या उजव्या चाकामागे, लोखंडातच ठोकलेला. इथे त्यावर काळ्या रंगाचा हा एवढा जाड थर. आंतोनने जॅक लावला, चाक काढलं आणि जुन्या ड्रायव्हरांच्या सवयीने ते आडवं करून गाडीखाली सरकवलं. मग पॉलिश पेपर घेऊन स्वतः पाठीवर आत शिरला. खरखर ऐकू यायला लागली.

सत्यवानाचं तोंड तसं बंद कधीच नसे, पण आता तो नुसता भराभरा बोलत सुटला. "वयनी, देवासमोर शब्द झालो मां? आणि तू हेका हाडून माझी तपासणी करतंस? परशाक कळला तर काय म्हणतलो?" नम्रताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आंतोनला बाहेर बोलावणार, इतक्यात खालून त्याचा आवाज आला.

"नम्रता! घासलेलो आसा गो. मशीनान घासून वयर नवो नंबर मारलो हा. गाडी चोरयेची. पोलिसांक फोन कर!"

चोरीच्या मालापायी सत्यवान एकदा आत जाऊन आला होता. पुन्हा जायची त्याची तयारी नव्हती. तो दोन पावलं पुढे झाला आणि जॅकला लाथ घातली.

गाडी कोसळली. खाली ठेवलेल्या चाकाने तिला अडवलं म्हणून आंतोनची छाती भुईसपाट झाली नाही, पण उजवा हात कोपरापासून लोखंडाखाली चिरडला आणि छातीवर सगळा भार आला. त्याची किंकाळी अर्ध्यातच तुटली. पाय मातीत खरडायला लागले, एक चप्पल उडून नम्रताच्या पायाशी पडली.

"आवशीक खाव तुझ्या!" नम्रता जॅककडे धावली. सत्यवानाने जॅकचा दांडा उचलून तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं. ती पुन्हा उठली तशी त्याने केस धरून तिला पिकअपच्या दारावर आपटलं. एकदा, परत एकदा. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तरी त्याने केस सोडले नाहीत. आजूबाजूला कोणी नाही, आणि खाली आंतोनचा श्वास घरघरत होता.

"उचल रे ती गाडी! मरतलो तो!"

"उचलतंय. पयली शपथ घे. जॅक आपसूक सरकलो म्हणान सांगतलंस. पोलिसांक, डॉक्टराक, परशाक, सगळ्यांक."

"देवाची शपथ! उचल!"

"देवाची नको." सत्यवान हसला. होय, हसला मेला! "देवासमोर मीच खोटो उभो रवलंय, काय झाला माका? तुझ्या चेडवाची घे. रियाची."

नम्रता गार पडली. उठता बसता पोरांच्या शपथा घेणाऱ्या बायका गावात ढिगाने होत्या. हिने रियाची शपथ थट्टेतसुद्धा कधी घेतली नव्हती. घेतलेली शपथ मोडली तर ती लेकराला भोवते, हे तिला सूर्य उगवतो इतकं खरं वाटत होतं, आणि सत्यवानाला ते पक्कं ठाऊक होतं. घरचाच माणूस ना! आंतोनचे पाय खरडायचे थांबले.

"रियाची शपथ," ती म्हणाली. "जॅक सरकलो."

तेव्हा कुठे त्याने केस सोडले आणि जॅक लावला. गाडी वीतभर वर आली. नम्रताने आंतोनला पायांनी धरून ओढलं. त्याचा हात हात उरला नव्हता. ओठ निळे पडले होते, पण छाती हलत होती. तिने पदर फाडून दंडाला आवळून बांधला.

"शाणी बाय," सत्यवान म्हणाला आणि चावलेलं मनगट पुसायला वळला.

चाक काढायचा पाना तिथेच पडला होता. नम्रताने तो दोन्ही हातांनी उचलला आणि सारी ताकद लावून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो ओरडत खाली बसला, तशी तिने खांद्यावर दुसरा घातला. "शिरा पडो तुझ्या तोंडार! घरच्यांक गिळूक बसलंस?" तिसरा डोक्यात बसला असता. आंतोन कण्हला म्हणून तिने पाना टाकला आणि एकशे आठला फोन लावला.

सरकारी दवाखान्यात आंतोनला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, हात नाही. त्याची बायको फ्रान्सिस्का बाकावर बसून होती, नम्रताचा हात घट्ट धरून. काय झालं ते तिने अजून विचारलंही नव्हतं. समोर स्ट्रेचरवर सत्यवान, पाय फळीला बांधलेला.

हवालदार आला. "ताई, हा म्हणतो जॅक सरकला. तुम्ही तसं शपथेवर सांगितलंय म्हणे. आणि मग ह्याला का मारलंत?"

सत्यवान तिच्याकडे टक लावून बघत होता. डोळ्यांत भीती नव्हती.

"एक फोन करू द्या," नम्रता म्हणाली.

"आये, खंय आसंस?" रिया म्हणाली. "भात केलंय, तो निवान गेलो."

"तू बरी आसंस मां?"

"माका काय होतला? तुझो आवाज असो कित्या येता?"

"काय नाय गो. जेवान घे तू. रस्त्यार जाव नको आज." तिने फोन ठेवला. ओठाच्या टाक्यावरून डोळ्यांचं पाणी वाहत होतं आणि ते झोंबत होतं.

"साहेब, जॅक सरकला नाही. ह्याने लाथ मारली. मी डोळ्यांनी बघितलं."

"पोरगी मरतली तुझी!" सत्यवान स्ट्रेचरवरून किंचाळला. "चेडू खातलंस तू तुझा!" सगळा दवाखाना वळून बघायला लागला. नम्रताने दोन्ही कानांवर हात दाबले, तरी ते तिला ऐकू आलंच.

हवालदाराचं पेन पहिल्याच ओळीत अडलं होतं. त्याने झटकलं, कागदावर गिरवून बघितलं, मग खिशातून दुसरं काढलं.

"ताई, परत सांगा," तो म्हणाला.

नम्रताने कानांवरचे हात काढले आणि परत सांगितलं.