धुऱ्यावरची न्याहारी

त्या वर्षी आमचा कापूस नत्थुजी काकाजींनी स्वतःच्या हातानं वेचला. पण असं काही झालेलं नाही. आमच्या घरी त्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि काकाजींच्या घरी कापसाचा विषय निघाला की सगळे एकमेकांच्या म्हशींची चौकशी करू लागतात. तेव्हा वाचकांनीही पहिलं वाक्य वाचलंच नाही असं धरून पुढं यावं.

वाटणी होऊन आम्हाला मोर्णा नदीकाठचं वावर मिळालं. आम्हाला म्हणजे माझा थोरला भाऊ उत्तमराव, शकुनवहिनी आणि मला. काकाजींनी चार लोकांसमोर अट घातली होती: पहिलं पीक घरात आलं नाही तर वावर परत एकत्र, चूल परत एक, आणि वहिनी परत त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या स्वयंपाकघरात बाराही महिने सकाळी एकच न्याहारी असे, रात्रीची ज्वारीची भाकर आणि ठेचा. वहिनीनं एकदा शेजारी कांदा कापून ठेवला, तर काकाजींनी घरादाराला विचारलं, "कोनाचं लगन आहे?"

पीक छान आलं. वावर पांढरंशुभ्र फुटलं आणि त्याच दिवशी पश्चिमेकडून अवकाळी आभाळ चढू लागलं. फुटलेला कापूस भिजला की काळा पडतो. मग अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनात लोक त्याच्याकडं दूरच्या नातेवाइकाकडं पाहावं तसं पाहतात. वेचणाऱ्या बायांची टोळी गावात एकच, माणिकबाईची. आणि धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, वावर काकाजींचं. तेही पांढरं.

आमच्याकडचा रिवाज असा की बाईनं सकाळी ज्याची न्याहारी खाल्ली, त्याचाच कापूस तिनं त्या दिवशी वेचायचा. काकाजी हा रिवाज देवापेक्षा कडक पाळत. पहिल्या सकाळी आमच्याकडं निघालेल्या गोदाबाईच्या हातावर त्यांनी गुळाचा खडा ठेवला. बिचारीनं तो तोंडात टाकला.

"झाली न्याहारी," काकाजी म्हणाले, "चाल वेचाले."

गोदाबाईच्या मागं सगळी टोळी गेली.

उत्तमराव घरी भिंतीकडं तोंड करून बसला. "गेलं वावर."

"वावर नाई गेलं," वहिनी म्हणाली. "बाया गेल्या. त्यायले भूक लागते ना? मंग."

दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी धुऱ्यावर नेली. अर्ध्या बाया आमच्याकडं आल्या. तिसऱ्या दिवशी काकाजींनी आयुष्यात पहिल्यांदा ठेच्याऐवजी जवसाची चटणी वाढली. ही बातमी ऐकून गावातली दोन म्हातारी माणसं घाबरून देवळात गेली, आणि बाया सगळ्या काकाजींकडं. त्यांचं वावर जवळजवळ वेचून झालं. आमचं अर्धंअधिक उभं होतं, आणि आभाळ आता डोक्यावर आलं होतं.

संध्याकाळी माणिकबाई दारात उभी राहिली. "शकुन, उद्या नत्थुजी रोडगे करून राहिले. तुह्याकडं काय?"

"फुनके अन् कढी."

"मले दोन्ही आवडते बाप्पा. जे आधी ताटात येईन ते."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे. पंगतीचा मोठा मान. पण आमच्याकडं रोडग्यांचं बोलावणं आलं तर जाणते लोक घरून जेवून निघतात, कारण ते भाजता भाजता दुपार होते. काकाजींना तेवढा विचार कुठला सुचायला! सुनेला हरवायचं तर मानाचाच पदार्थ हवा, एवढंच त्यांना कळलं होतं.

सकाळी त्यांच्या वावरात धूर निघाला आणि बाया त्याभोवती बसल्या. आम्ही धुऱ्यावर तीन दगडांवर कढी ठेवली. टोपल्यात वाफवलेले फुनके, वाटल्या तुरीच्या डाळीचे. आमच्याकडं कोणी बघेना.

"दोन ढगं झाले," उत्तमराव म्हणाला.

"एकच आहे, दादा. मोठं आहे," मी म्हणालो.

दिवस वर आला. गोदाबाईनं एक रोडगा फोडून पाहिला, आत कच्ची कणीक. "अजून थोडसाक," काकाजी म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते. तेवढ्यात वहिनीनं कढीवर लसूण-मिरचीची फोडणी ओतली. टोळीची सगळी तोंडं एकदम आमच्याकडं वळली. काकाजी उठले आणि तरातरा धुऱ्यावर आले.

सून सासऱ्याशी, मग ते चुलत मामाजी का असेनात, बोलत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये मी. अंतर दोन हात.

"सांग तुह्या वैनीले, धूर बंद कर म्हना."

वहिनीनं पदर पुढं ओढला. "भाऊजी, मामाजीले सांगा, धूर त्यायचाच आहे."

मी सांगितलं.

"सकाळी सकाळी कढी कोनी खाते काय, विचार तिले."

"सांगा, सकाळी रोडगे खाते ते कढीबी खाते."

काकाजींच्या कपाळाची शीर उडू लागली. वहिनीनं एक ताट वाढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "भाऊजी, मामाजी उपाशी आहेत. तसेच गेले त लोक मले बोलतीन."

सगळी टोळी पाहत होती. सुनेनं पुढं केलेलं अन्न नाकारणं म्हणजे गावभर तोंड काळं. काकाजी उभेच. कुठंतरी गडगडलं. मग ते खाली बसले. एक फुनका मोडला. दुसरा मोडलाच नाही, अख्खा गेला. शेवटी वाटी तोंडाला लावून त्यांनी कढी संपवली.

माणिकबाई आली आणि तिनं कापूस भरायचं फडकं त्यांच्यापुढं धरलं. "नत्थुजी, वटी बांधा."

"मी मालक आहो!"

"गोदीनं त नुसता खडा खाल्ला होता. तुमी कढी पेले."

रिवाज काकाजींचाच होता. नाही म्हटलं तर तो गुळाचा खडाही खोटा ठरत होता, आणि बाया मोकळ्या होत होत्या. काकाजींनी आभाळाकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं, आणि फडकं कमरेला बांधलं.

मालकच इकडं वेचून राहिला, म्हटल्यावर टोळी तिकडं कशाला थांबते? बायांनी उभ्याउभ्या फुनके खाल्ले आणि ओळी धरल्या. शेवटची गाडी ताडपत्रीखाली गेली तेव्हा पहिला थेंब उत्तमरावाच्या नाकावर पडला. तो रडत होता की भिजला होता, आम्ही तपासलं नाही. वावर आमचं राहिलं.

काकाजींनी वटी सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वहिनीशी थेट बोलले. "मीठ कमी होतं."

आठवडाभरानं त्यांनी मला बोलावून अर्ज लिहायला लावला. तो असा:

"मेहेरबान डिप्टी कमिशनर साहेब बहादूर, जिल्हा अकोला, यांचे सेवेशी. अर्जदार नत्थुजी सविनय कळवितो की, शेजारील वावरातून फोडणीचा वास अर्जदाराच्या हद्दीत रोज सकाळी विनापरवाना शिरतो, त्यामुळे अर्जदारास घरची भाकर गिळणे कठीण झाले आहे. तरी वाऱ्याच्या नावे नोटीस काढून, न्याहारीच्या वेळी धुरा न ओलांडण्याची त्यास सक्त ताकीद द्यावी, व त्याने हुकूम मोडल्यास त्याची तालुक्यातून कायमची बदली करण्यात यावी, ही विनंती."