चंदर दाजींचा अंगठा

माझ्या धाकट्या भावाचं, हरिचंद्रचं लग्न झालं ते साल १९८२. त्याच्या हळदीला आमच्या खरवई गावात चंदर दाजींनी गिटार वाजवली आणि तिथेच घोटाळा झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, गोजरबाईचे मालक. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. तरुणपणी तिथल्या ऑफिसरांच्या क्लबात ते रॉक वाजवायचे. आमच्याकडे तो शब्द पोचायच्या आधीपासून. पुढे क्लब बंद पडला. क्लबातल्या सगळ्या फोटोंत मिळून दाजींचं एक कोपर आलंय, तेवढाच पुरावा.

हळदीसाठी त्यांनी स्वतः एक चाल बांधली होती. एकदा सुटली की शेवटपर्यंत कुठेही थांबायची नाही, हाच तिचा जीव. पण त्याच आठवड्यात त्यांनी उल्हासनगरहून स्वस्तातली कवळी बसवून आणली होती. चाल ऐन वर चढली, दाजींचं तोंड उघडलं आणि वरचे दात निसटले. दाजी थांबले. अंगठ्याने दात वर दाबले आणि धाडकन पुढे सुरू झाले.

मांडव वेडा झाला! लोकांना वाटलं, ही स्टाईल.

मांडवात हळदी-वरातीत वाजवणारी बेंजोवाली पोरं बसली होती. दोन-तीन वर्षांत बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत प्रत्येक हळदीत ती चाल वाजायला लागली आणि त्याच जागी थांबायला लागली. वाजवणारे अंगठा दाताला लावायचे, नाचणारेही लावायचे. शेजारच्या चामटोली गावची बत्तीस दात शाबूत असलेली पोरंसुद्धा!

दाजी चिडून गिटार माळ्यावर टाकून बसले. "साले माझी कवळी वाजवतात," म्हणायचे. "मरायच्या आधी एकदा ही चाल सलग वाजवीन. लोकांनी ऐकली पाहिजे."

१९९५ला त्यांच्या पोरीची, मालिनीची हळद निघाली. बेंजो पार्टी आली जयदेवची. पाटीवर लिहिलं होतं, 'ओरिजिनल अंगठा स्टाईल'. मी तेव्हा नुकताच साक्षरता वर्गात अंगठा सोडून सही शिकलो होतो. अक्षर अक्षर लावून मी ते दाजींना वाचून दाखवलं.

दाजी तडक जयदेवकडे गेले. "पोरा, मध्ये थांबायचं नाय. चाल सलग हाय."

"काका, ही पहिल्यापासून अशीच आहे. तुम्हाला नाय समजणार."

"मी बांधलीय ती!"

"सगळे असंच बोलतात, काका. मागच्या हळदीत तिघे भेटले."

दाजींनी माळ्यावरून गिटार काढली, धूळ झटकली, जयदेवच्या स्पीकरला जोडली. आता कवळीही चांगली घट्ट होती. सुरुवात झाली तशी जयदेवची पोरं वाद्यं सोडून पुढे सरकली. असा हात त्यांनी ऐकला नव्हता. चाल वर चढली. ती जागा आली. सगळा मांडव अंगठा तोंडाशी नेऊन थांबला आणि दाजी थांबलेच नाहीत.

मागचे पुढच्यांवर आदळले. मी हळदीच्या परातीत बसलो. नाचणाऱ्या एका कमळाबाईचा अंगठा शेजारणीच्या डोळ्यात गेला.

"चुकला, चुकला!" पाहुण्या बायका ओरडल्या. "कोण हाय रं हा म्हातारा?"

गोजरबाई पाटावरच्या पोरीमागून कडाडली, "अवो, पोरीच्या हळदीत कसला हट्ट? दात दाबा!"

दाजींनी मालिनीकडे पाहिलं. ती हळदीने माखलेली, अंगठा दाताला लावून तशीच बसली होती. बापाकडे बघत, वाट पाहत.

दाजींनी चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. त्या जागी आले आणि थांबले. मुळीच न हललेले दात अंगठ्याने दाबले. तीनशे अंगठे एकदम वर गेले. मालिनी खदखदून हसली. मग दाजी असे सुटले की मांडवाचे बांबू हलले.

संपल्यावर जयदेव जवळ आला. "काका, हात बरा आहे तुमचा. फक्त अंगठा जरा उशिरा येतो. सराव ठेवा."

"ठेवतो," दाजी म्हणाले.

आणि खरंच ठेवला. त्यानंतर गावातल्या प्रत्येक हळदीत एकदा तरी वाजवायचे, थांबायच्या जागी थांबून.

चंदर दाजी १९९८ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आधल्या दिवशी, दम्याने वारले.