चिमाजीची प्रदक्षिणा

"हळू फिरीव. जातं हाय का त्ये, गरागरा फिरवायला?" चिमाजी म्हणाला. उद्धवरावांनी लॅपटॉप पुन्हा पहिल्या जागी आणला.

दादासाहेबांच्या केबिनमधलं टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतलं होतं. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर खुर्चीत उद्धवराव आणि पडद्याच्या पाठीमागे चिमाजी. उद्धवराव लॅपटॉप फिरवू लागले की चिमाजीनं पडद्याच्या आडोशानं, वाकून, टेबलाला वेढा घालायचा. कॅमेऱ्याला कपाट दिसावं, खिडकी दिसावी, दार दिसावं, पण चिमाजी दिसू नये. महाळुंग्यात ज्याला येताना पाहून टपरीवरचे लोक बाकावरून उठतात, तो गडी कमरेत मोडून, पोट सावरत टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी उद्धवरावांना हसू आवरलं नसतं.

"आता जमतंय," चिमाजी धापा टाकत म्हणाला. "फेरी झाली का मी हितंच बसतो, पडद्यामागं. तू बोल, मी ऐकतो."

कारखान्याचे मालक दादासाहेब दाराशी उभे होते. "मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "उद्धवराव, तुम्ही एवढंच सांगायचं. माल नीट भरला होता, बोट मी राजीखुशीनं लावलं. संपलं." आणि ते बाहेर गेले. हात वर करायची त्यांची ही रीत जुनीच होती.

प्रकरण असं होतं. या कारखान्यात मोठ्या प्रेसना लागणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं ओतली जात, एकेक ठोकळा तीन-चार टनांचा. असा एक कंटेनर पोलंडला गेला. तिथल्या गिऱ्हाइकाच्या आवारात दार उघडताच आतला ठोकळा घसरला आणि दार उघडणारा कामगार चिरडून मेला. गिऱ्हाईक म्हणत होतं, माल भरलाच चुकीचा. दादासाहेब म्हणत होते, चोख भरला होता, तसा आमच्या डिस्पॅच सुपरवायझरनं टॅबवर बोट लावून दाखला दिलाय; हयगय मेलेल्यानंच केली. करारात लिहिलं होतं की भांडण झालं तर ना इथलं कोर्ट, ना तिथलं. सिंगापूरचा लवाद निवाडा करील आणि सुनावणी पडद्यावर होईल. जग बदललं होतं. टॅबवर लावलेलं बोट आता शाईच्या सहीइतकंच पक्कं धरलं जात होतं, आणि पडद्यावर दिलेली साक्ष समोर उभं राहून दिलेल्या साक्षीइतकी. ज्याचं बोट, त्यानं खोलीत एकट्यानं बसून साक्ष द्यावी, असं लवादांनी सांगितलं होतं. बोट उद्धवरावांचं होतं.

ते कसं लागलं, हे मात्र दाखल्यात कुठून येणार?

कंटेनर भरायचं काम चिमाजीच्या माणसांचं. कारखाना उभा आहे ती जमीन त्याच्या बापाची, बबनरावांची. जमीन गेली आणि तिच्या बदल्यात माल भरायचं कंत्राट घरात आलं. "जमीन आमची, तर माल बी आमीच भरणार," हा तेव्हापासून तिथला कायदा. त्या दिवशी ठोकळ्यांना अडण लावायची लाकडं चिमाजीच्या पोरांनी आधीच एका ढाब्याला जळणासाठी विकून टाकली होती. दोन पट्टे आवळून त्यांनी दारं लोटली. उद्धवराव आडवे आले.

"चिमाजीभाऊ, लाकडाबिगर मी बोट लावणार नाही. हे घाटातच हलतंय, बोटीवर काय होईल?"

चिमाजीनं आधी समजावलं. मग कानाखाली वाजवली. मग दोघांनी उद्धवरावांना कंटेनरच्या चाकाशी दाबून धरलं आणि चिमाजीनं त्यांचा हात टॅबवर आपटला. बिडाचा माल हाताळून हाताळून उद्धवरावांच्या अंगठ्यांवरच्या रेषा कधीच झिजल्या होत्या, टॅब त्यांना ओळखत नसे. मग नोंदवलेलं बोट कुठलं, ते चिमाजीला ठाऊक नव्हतं आणि उद्धवराव सांगत नव्हते. त्यानं एकेक बोट दाबून पाहायला सुरुवात केली. उद्धवराव मूठ आवळत, पोरं लोखंडी पाना घालून ती उचकटत. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट टेकलं तेव्हा टॅबवर हिरवी खूण उमटली. त्याच दमात बोटाचं हाड मोडलं. उद्धवराव ओरडले आणि कंटेनर गेटाबाहेर पडला.

तासाभरानं त्यांना आपल्या गाडीत घालून चाकणला हाडाच्या डॉक्टरकडे नेणारा माणूसही चिमाजीच. "रागाच्या भरात झालं, मनावर घिऊ नगं," तो वाटेत म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. संध्याकाळी त्याची आई गोजाबाई हळद घातलेलं दूध घेऊन आली. उद्धवराव गंगाखेडहून पोटासाठी इकडे आले तेव्हापासून चिमाजीच्या चाळीतल्या खोलीत राहत होते. त्यांची मुलगी वर्षाली जन्मली तेव्हा बाळंतविडा गोजाबाईंनीच केला होता. मारणारा घरचा, दूध आणणारी घरची, तक्रार कुणाची करायची? उद्धवराव मूग गिळून बसले, आणि पोलंडची बातमी आली नसती तर जन्मभर बसले असते.

बातमीमागून चित्रफीत आली. कारखान्याच्या वकील स्वरूपा मॅडमनी ती वाकडच्या ऑफिसात उद्धवरावांना दाखवली. मारेक नावाचा एक मध्यमवयीन माणूस कंटेनरचं दार उघडतो. आतून ठोकळा सरकत येतो. बाजूला उडी मारायला त्याला वेळ होता. पण तो दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, उताराला लागलेली बैलगाडी थोपवावी तसा. मग हात दिसेनासे झाले.

"वाईट झालं," स्वरूपा मॅडम म्हणाल्या. "पण त्यानं पळायला हवं होतं. हात काय लावायचा एवढ्या वजनाला?"

उद्धवराव गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याची त्यांना स्वतःलाच किळस आली. जन्मभर जड माल हाताळणाऱ्याला माल हलताना दिसला की त्याचे हात आधी पुढे जातात, डोकं मागून येतं. पायावर ठोकळा पडता पडता उद्धवराव स्वतः कितीदा वाचले होते. मारेक मूर्ख नव्हता. तो त्यांच्याच जातकुळीचा होता, आणि आता त्यालाच दोषी ठरवायचं काम त्यांच्या जिभेवर आलं होतं.

साक्षीच्या दिवशी सकाळी उद्धवरावांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, भाकरीचं ताट समोर ठेवलं. ते तसंच राहिलं.

"काहून जेवंना गेलात? खरं सांगायचा इचार हाय का?"

"तुला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? खोली जाईल, नौकरी जाईल. तुमाला जित्तं सोडतील का, ते बी माहीत नाही." त्या चुलीकडे तोंड करून बसल्या. तिकडूनच म्हणाल्या, "पर रोज झोपेत हात म्होरं करून वरडायलात. ते बी बघवंना मला."

दुपारी पडद्यावर चौकटी उघडल्या. एकीत पांढऱ्या केसांचे लवाद, एकीत मराठी दुभाषी बाई, एकीत पोलंडची माणसं, एकीत स्वरूपा मॅडम. चिमाजी पडद्यामागे खुर्ची घेऊन बसला होता. मांडीवर पाना होता. तो त्यानं उद्धवरावांना नीट दिसेल असा धरला होता.

लवाद इंग्रजीत काही बोलले. दुभाषी बाई म्हणाल्या, "सर विचारतात, खोलीत तुम्ही एकटेच आहात ना? तुमच्यावर कुणाचा दबाव नाही, एवढी त्यांना खात्री करून घ्यायचीय. जरा कॅमेरा खोलीभर फिरवाल का?"

दबाव नाही ना. बोट मोडलं तेव्हा हे डॉक्टरनं विचारलं नव्हतं, दादासाहेबांनी विचारलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, तेही चहा घेणार का म्हणावं इतक्या सहज. उद्धवरावांना एकदम रडू यायला लागलं. त्यांनी ते गिळलं आणि लॅपटॉपला हात घातला.

कपाट दिसलं. खिडकी दिसली. चिमाजी पान्यासकट वाकून सरकत होता. दार दिसलं. त्या वेळी चिमाजी त्यांच्या खुर्चीमागून जात होता आणि त्याचा श्वास त्यांच्या मानेला लागत होता. ठरलेली फेरी तिथून पुढे जायची होती. उद्धवरावांचे हात थांबले, आणि मग त्यांनी लॅपटॉप एका झटक्यात उलटा, आपल्या तोंडाकडे वळवला.

पडद्यावर उद्धवराव दिसले, आणि त्यांच्या खांद्यामागे वाकलेला चिमाजी.

"हे चिमाजीभाऊ," पाहुण्यांना ओळख करून द्यावी तसे उद्धवराव म्हणाले. "माझे घरमालक. टॅबवर माझं बोट ह्यांनीच लावलं. मी लावत नव्हतो."

चिमाजीनं खेडचं कोर्ट पाहिलेलं होतं. पायऱ्या, काळे कोट, बंदूकवाला पोलीस. या डब्याला कोर्ट मानायला त्याचं मन तयारच नव्हतं. आतली माणसं काय बाहेर येऊन धरणार होती? त्यानं उद्धवरावांची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून ओढलं.

"माज्या आईचं दूध पिऊन मलाच डसतो व्हय रं?"

पहिला ठोसा तोंडावर बसला. उद्धवराव कपाटावर आदळले, कपाळ फुटलं. पाना बरगडीवर आला. एकदा, पुन्हा एकदा. काहीतरी कडकन वाजलं आणि उद्धवरावांना श्वासच घेता येईना. लॅपटॉपमधून बायका-माणसं ओरडत होती, कुणी इंग्रजीत, कुणी त्यांच्या भाषेत. स्वरूपा मॅडम "दादासाहेब, दादासाहेब" अशा हाका मारत होत्या. उद्धवराव टेबलाचा पाय धरून उठू पाहत होते, तोच चिमाजीनं त्यांच्या पोटात लाथ घातली.

दार उघडून दादासाहेब आत आले. "अरे बाबा, ते चालू आहे," ते म्हणाले.  "सगळे बघतायत."

चिमाजीनं मान वळवली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. तिच्यात एक माणूस पाना उगारून उभा होता, तोंड वेडंवाकडं, दात विचकलेले. तो कोण हे कळायला त्याला क्षणभर लागलं. त्यानं पाना खाली घेतला, तर चौकटीतल्या माणसानंही घेतला. चिमाजीनं त्याच्याकडे पाठ केली आणि दादासाहेबांना ढकलून तो बाहेर गेला.

"उद्धवराव, ऐकू येतंय का?" दुभाषी बाईंनी विचारलं. "सर म्हणतात, सुनावणी इथंच थांबवू. पोलिसांना कळवलंय, डॉक्टरला बोलवा. साक्ष पुढच्या तारखेला घेऊ."

उद्धवराव टेबलाला धरून उठले. खुर्ची सरळ केली. "नका थांबवू," ते म्हणाले. "आज धीर हाय. पुढच्या तारखेचं सांगता येत नाही. फक्त घरी एक फोन करू द्या."

फोन रुक्मिणीबाईंनीच उचलला.

"वर्षालीला घे आन् चाकणच्या स्टँडवर जा," उद्धवराव म्हणाले. "आत्ताच नीघ. काही बांधत बसू नको."

 रुक्मिणीबाईंना सगळं कळलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुलूप लावू का?"

"लाव. किल्ली गोजामावशीच्या हातात दे. पाया पड त्यांच्या."

त्यांनी फोन ठेवला, शर्टाच्या बाहीनं तोंडावरचं रक्त पुसलं आणि ते पडद्यासमोर नीट बसले. लवाद त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी मान हलवली तेव्हा दुभाषी बाईंनी सुरुवात केली.

"शपथेआधी पूर्ण नाव सांगा."

"उद्धव सोपान भिसे."

"व्यवसाय?"

दादासाहेब अजून दाराशीच होते, जमिनीकडे बघत. उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "डिस्पॅच सुपरवायझर होतो," ते म्हणाले.

"राहायचा पत्ता?"

उद्धवरावांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंना वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"बाई, तेवढं एक कोरं ठेवा," उद्धवराव म्हणाले. "बाकीचं लिहून घ्या."