मालसुन आजीचा खर्च

कोरियातल्या तोंगयोंगच्या खाडीतली कालवं खाऊन एकाच आठवड्यात गावातली साठेक माणसं आडवी झाली, तेव्हा आरोग्य संस्थेने दोकशिमला घरोघर पाठवलं. आजारपणाने कुणाला किती पैशांचा फटका बसला, ते फॉर्ममध्ये भरून आणायचं. दोकशिमने वीस वर्षं शेडमध्ये कालवं फोडली होती. बोटं वाकडी झाल्यावर हे काम मिळालं. कालवांच्या वासाचं तिला कधीच काही वाटलं नव्हतं. पण पंधरा दिवस लोकांच्या उलट्या नि जुलाब मोजून आता तिला ताट समोर आलं तरी मळमळायचं.

खाडीला लागून कू साहेबांचं लॉज होतं. त्यांनी कॉफी दिली आणि छापील यादी पुढे सरकवली.

"बावीस बुकिंगं रद्द झाली, ताई. बेचाळीस लाख वॉन बुडाले. कंबरडं मोडलं आमचं."

तिने आकडा उतरवून घेतला. खिडकीखाली लॉजच्या संडासाचा पाइप खडकांतून थेट पाण्यात सुटला होता. तोंडाशी पिवळट फेस डुलत होता, आणि पन्नास पावलांवर कालवं वाढवायच्या दोऱ्या लटकत होत्या.

"हा पाइप तुमचाच ना?"

"जुना आहे हो. सगळ्यांचेच आहेत."

दोकशिमने कॉफीला तोंड लावलं नाही.

पुढचं घर मालसुन आजीचं. वय एक्याऐंशी, नवरा तीन वर्षं लकव्याने अंथरुणावर. दार उघडताच भपकारा आला आणि दोकशिमने नाकाला रुमाल लावला. मग लाज वाटून काढला.

"दवाखान्याचा खर्च, आजी?"

"ह्यांना उचलून नेणार कोण? मीच बादलीत तोंड घालून बसले होते."

"औषधपाणी?"

"भाताची पेज."

"बुडालेली मजुरी?"

म्हातारी हसली. "मला कोण पगार देतंय गं?"

"मग सहा दिवस केलंत काय?"

"ह्यांचं धुतलं. मग माझं. मग परत ह्यांचं. दुलया संपल्या, तेव्हा पडदे काढून खाली घातले."

एकूण नुकसान, शून्य. खालच्या शेऱ्याच्या जागेत मात्र दोकशिमने आजीचा शब्द न् शब्द लिहिला.

संस्थेच्या कचेरीत तिचे वरिष्ठ प्यो साहेब जेवत होते. "शून्यवाले फॉर्म वेगळे काढ. त्यांचं नुकसान झालेलं नाही."

"साहेब, बाई लावली असती तर सहा दिवसांची मजुरी झाली असती."

"लावली का? नाही ना?" त्यांनी फॉर्म उचलला, दोन ओळी वाचल्या आणि हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "हे काय लिहिलंयस? जेवतोय मी."

"शेवटपर्यंत वाचा."

त्यांनी वाचलं नाही. आजीचा फॉर्म बाजूच्या खोक्यात गेला. मोजायच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर कू साहेबांचा होता. दोकशिमने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्यावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

रविवारी ती रबरी बूट घेऊन मालसुन आजीकडे गेली.

"संस्थेने पाठवलं?"

"नाही. मीच आले."

अंगणातल्या मोठ्या टबात दुलया भिजत होत्या. दोघी हात धरून त्यात उतरल्या आणि तुडवू लागल्या. पाणी गढूळ पिवळं होत गेलं. दोकशिम मध्येच कडेला जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत टबात उतरली.

"अजून एक पाणी लागेल," आजी म्हणाली.